इंदूरच्या आत्याचा टाक

सुलभाबाईंनी देवघरातला सोन्याचा टाक उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि म्हणाल्या, "चेहरा बिलकुल झिजून गेला हो बिचारीचा. शुक्रवारी सराफ्यात जाऊ आणि आटवून नवा करून घेऊ."

समोर चहा पीत बसलेल्या सुहास पोतनीसांचा कप तोंडापर्यंत पोचलाच नाही.

"आटवून?"

"मग काय तर! नवस बोललेय मी. फेडायला नको? मधुरा बाळाला घेऊन उष्टावणाला येईल, त्याआधी देवी नवी होऊन घरात बसली पाहिजे. आपल्या सोनाराला, अनिलभैयाला, फोनपण करून ठेवला मी."

टाक म्हणजे कुळदेवतेचा ठसा उठवलेला सोन्याचा किंवा चांदीचा छोटा पत्रा. पूजा करून करून तो झिजतो, नाकडोळे पुसट होतात, आणि असा बिनचेहऱ्याचा देव पुजू नये म्हणतात. मग घरातला कर्ता पुरुष देवाची परवानगी मागून तो टाक स्वतःच्या हाताने सोनाराच्या मुशीत घालतो आणि त्याच धातूचा नवा टाक घडवतात. देवाचं सोनं देवालाच. पोतनीसांचे पूर्वज शिंद्यांच्या चाकरीत उज्जैनला आले तेव्हापासून त्यांच्या घरी ही रीत चालत आली होती आणि पोतनीसांची तिला काही हरकत नव्हती. अडचण एवढीच होती की हा टाक नव्हता.

ते नाणं होतं. गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताचं, सोन्याचं, सोळाशे वर्षांपूर्वीचं. एका बाजूला धनुष्य ताणून सिंहावर बाण सोडणारा राजा, दुसऱ्या बाजूला सिंहावर बसलेली देवी आणि तिच्या कडेला ब्राह्मी अक्षरांत 'सिंहविक्रम'. विक्रमादित्याच्या गावात राहायचं आणि विक्रमादित्य म्हणवणाऱ्या राजाचं नाणं आपल्याकडे नाही, ही बोच पोतनीसांना बँकेत लागल्यापासून होती. कुशाणांचं एक होतं, विजयनगरचं एक होतं, मोगलांची एक मोहोर होती. हेच तेवढं नव्हतं. पोतनीस म्हणजे खजिन्याचा कारभारी. पूर्वजांनी जन्मभर दुसऱ्याचा खजिना सांभाळला, यांना स्वतःचा हवा होता.

आता माणसाने हौस करावी, पण वेळकाळ बघून. मधुराच्या साखरपुड्याच्या दिवशी मुलाकडचे पाहुणे माधव नगरच्या घरी येऊन बसले आणि मुलीचा बाप भोपाळला नाण्यांच्या प्रदर्शनात. संध्याकाळी हा गृहस्थ घामाघूम होऊन उगवला, तेव्हा व्याह्यांनी हसून सोडून दिलं. सुलभाबाईंनी सोडलं नाही. लग्नात पाठवणीच्या वेळी त्यांनी नवऱ्याचा हात धरून मधुराच्या डोक्यावर ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "शपथ घ्या हिची. यापुढे घरात एकही नाणं येणार नाही." मधुरा रडता रडता हसायला लागली, "आई, काय हे!" पोतनीसांनी शपथ घेतली, आणि घेताना अगदी मनापासून घेतली.

मग एका पाडव्याच्या सुमाराला इंदूरच्या एका परवानाधारक विक्रेत्याने त्यांच्यासमोर मखमलीवर ते नाणं ठेवलं. पोतनीसांनी ते कडांना धरून उचललं आणि शपथ कुठल्या कुठे गेली. रीतसर कागद झाले, नाणं गोल डबीत बसलं, डबी शर्टाच्या खिशात. दुसऱ्या दिवशी तोच शर्ट धुवायला टाकताना सुलभाबाईंच्या हाताला डबी लागली.

"हे काय हो?"

खोटं बोलायला माणसाला फार वेळ लागत नाही, हेच वाईट. इंदूरची आत्या नुकत्याच सरलेल्या थंडीत वारली होती, तिला मूलबाळ नव्हतं. "आत्याच्या देवघरातला टाक," पोतनीस म्हणाले. "तुळजाभवानी. आपल्याकडे दिला तिच्या सासरच्यांनी." आत्याचे खरे देव तिच्या दिराकडे केव्हाच गेले होते. पण सुलभाबाईंनी तिथल्या तिथे हात जोडले, नळाखाली हात धुतले आणि देवीला डबीतून काढून देवघरात नेऊन बसवलं. "जाडजूड आहे हो आत्यांचा टाक," त्या आतून म्हणाल्या. "आणि मागे हा शिकारी कोण?"

"मल्हारी," पोतनीस म्हणाले. एकदा घसरला पाय की माणूस पायथ्याशीच थांबतो.

तेव्हापासून त्यांच्या जिवाला शांतता नव्हती. असलं नाणं घासायचं नसतं, पुसायचं नसतं, त्याला बोटाचा घामसुद्धा लागू द्यायचा नसतो. इथे रोज गंध, हळद, कुंकू, आणि सणावाराला पितळी देवांबरोबर चिंच आणि रांगोळी. पोतनीस स्वयंपाकघराच्या दाराशी उभे राहून ते खसखस घासणं ऐकत आणि वर्तमानपत्राची घडी घालत. सोळाशे वर्षांत जेवढा झिजला नसेल तेवढा देवीचा चेहरा चैत्रापासून झिजला होता. हळूच उचलून घ्यावं तर सुलभाबाईंची आंघोळ झाल्याबरोबर पहिली नजर देवघराकडेच. खरं सांगावं तर मधुराच्या डोक्यावरचा तो हात आठवायचा. उद्या सांगू, परवा सांगू करत ते दिवस ढकलत राहिले.

आणि श्रावणात इंदूरहून मधुराचा फोन आला. तिचा नव्हे, जावयाचा. दिवस भरायच्या आधीच तिला दवाखान्यात न्यावं लागलं होतं. त्या सोमवारी महाकालाच्या पालखीची सवारी होती, रस्ते बंद होते, आणि गाडी गर्दीतून बाहेर काढून इंदूरच्या रस्त्याला लावेपर्यंत दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. निघताना सुलभाबाईंनी देवघरातून एकच वस्तू घेतली होती. दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी मूठ कपाळाला लावली आणि मोठ्याने म्हणाल्या, "आई भवानी, माझी पोर आणि तिचं बाळ सुखरूप घरी येऊ दे. तुला नवी करीन."

पोतनीस शेजारी बसले होते. बायकोच्या घामेजल्या मुठीतून नाण्याची कड दिसत होती, आणि आत पोटची पोर टेबलावर असताना त्यांच्या मनात क्षणभर आलं, घाम लागतोय. त्या एका विचाराची त्यांना इतकी लाज वाटली की ते उठून जिन्यात जाऊन उभे राहिले. शपथ आपण मोडली, आणि भोगतेय ती. एरवी सत्यनारायणालासुद्धा घड्याळाकडे बघणारा हा माणूस त्या जिन्यात भिंतीला डोकं टेकून म्हणाला, "पाहिजे तर ते घे, तिला सोड."

मधुरा वाचली. बाळ बरेच दिवस काचेच्या पेटीत राहिलं, मग तेही घरी आलं. नाणं पुन्हा देवघरात गेलं आणि पोतनीस रोज सकाळी त्याच्यापुढे उभे राहून हात जोडू लागले. सुलभाबाईंना वाटलं, चला, म्हातारपणी का होईना अक्कल आली.

आणि आता शुक्रवारी ते आटवायचं होतं.

"अगं, जुनं आहे ते," पोतनीसांनी त्या सकाळी एकदा प्रयत्न करून पाहिला. "जुनं ते सोनं म्हणतात."

"सोनं आहे म्हणूनच तर आटवायचं. माती असती तर आटवली असती का?"

"आत्याची आठवण आहे."

"आत्यांची आठवण यायला लागली? त्या असताना दिवाळीला फोन तरी करत होतात का?"

दुपारी त्यांनी अनिल सोनाराला गुपचूप फोन लावला आणि म्हणाले, शुक्रवारी दुकान बंद आहे असं सांग. "भाभीजी से झूठ?" अनिल म्हणाला. "मेरे बस का नहीं है भाईसाहब. भगवान का काम है." गुरुवारी सुलभाबाई भाजी आणायला गेल्या तेव्हा पोतनीस देवघरासमोर जाऊन बसले. सोन्याचं एक साधं वेढणं कपाटात होतं. ते आटवून सोनाराकडून पत्रा करून घ्यायचा, इथे ठेवायचा, हे उचलायचं, एवढंच. त्यांनी हात पुढे केला. देवीच्या कपाळावर सकाळचं ओलं कुंकू होतं. मधुराचं बाळ काचेच्या पेटीत पालथं पडलेलं त्यांना आठवलं, आणि हात तसाच मागे आला. रात्री जेवण गेलं नाही. ऍसिडिटी झाली म्हणून सांगितलं तर सुलभाबाईंनी ओवा चावायला दिला.

शुक्रवारी रिक्षा देवास गेटवरून निघाली तेव्हा सुलभाबाईंच्या मांडीवर पिशवी होती. पिशवीत तांब्या, विड्याची पानं, सुपारी, अक्षता, आणि हळदीने माखलेल्या रुमालात बांधलेली देवी. "तुमचा चेहरा का असा?" त्यांनी विचारलं. "बी.पी.ची गोळी घेतली ना?"

"घेतली."

"मग? काही लपवून तर नाही राहिले तुम्ही? परवापासून बघतेय मी. दवाखान्यात जायचं तर चला, सराफ्यात उद्या जाऊ."

ही चांगली सबब होती. छातीत दुखतंय म्हणायचं की एक दिवस मिळाला. पण त्यांना दिसलं की बायकोचा चेहरा खरोखर उतरला आहे, आणि दवाखाना म्हटलं की तिला श्रावणातला तो सोमवार आठवतो हे त्यांना माहीत होतं. "काही नाही गं," ते म्हणाले. "चल."

गोपाळ मंदिराजवळच्या सराफ्यात अनिलचं दुकान बोळासारखं लांबट. पुढे गादी, मागे भट्टी. त्याने मूस काढून ठेवली होती, सोनं वितळवायची भाजलेल्या मातीची छोटी वाटी. शेजारी चिमटा, टाकणखाराची डबी, गॅसची बत्ती. सुलभाबाईंच्या माहेरचीही रीत होती की देवाचं सोनं डोळ्यांसमोर आटवायचं, म्हणून त्या सरळ आत जाऊन भट्टीपाशी पाट मागून बसल्या. त्यांनी पान मांडलं, सुपारी ठेवली, देवीवर अक्षता घातल्या. अनिलने बत्ती पेटवली. निळी ज्योत फरफर करू लागली आणि मूस हळूहळू लाल झाली.

"भाईसाहब, आग तैयार है," अनिल म्हणाला.

सुलभाबाईंनी नाणं उचलून नवऱ्याच्या तळहातावर ठेवलं. राजा खाली, देवी वर. खरं म्हणजे तिचा चेहरा आता उरलाच नव्हता. सिंह तेवढा ओळखू येत होता.

"हं, घाला. मधुराचं नाव घ्या आणि बाळाचं घ्या. म्हणा, यांच्या सुखासाठी घालतोय."

पोतनीसांनी तोंड उघडलं. नुसतं घाला म्हणाली असती तर कदाचित त्यांनी घातलंही असतं. जिन्यात तसं म्हणालेच होते ते. पण मधुराचं नाव त्यांच्या जिभेवर येईना. एकदा तिच्या डोक्यावर हात ठेवून खोटं ठरले होते, आता तिचं नाव घेऊन दुसऱ्यांदा ठरायचं होतं.

"सुलभा, हा टाक नाही."

"काय?"

"आत्याचा नाही. नाणं आहे. चंद्रगुप्ताचं. इंदूरहून मी विकत आणलं."

बत्तीचा आवाज चालूच होता. सुलभाबाईंनी आधी अनिलकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. अनिलने गॅस बारीक केला. "मैं ज़रा चाय बोल के आता हूँ," तो म्हणाला आणि चपला न घालताच बाहेर गेला.

"शपथ घेतली होती तुम्ही," सुलभाबाई म्हणाल्या.

"हो."

"पोरीच्या डोक्यावर हात ठेवून."

"हो."

"म्हणजे दवाखान्यात मी मुठीत धरून बसले होते ते..."

"हो. तेच."

"झूट बोललात ते बोललात. पण देवाच्या नावानं? आणि मी येडी, रोज हळदीकुंकू वाहून राहिले!" त्यांचा आवाज फुटला. "नवस बोलले मी त्याच्यापुढे! तेव्हा तरी तोंड उघडायचं!"

"कसं उघडणार होतो?" पोतनीस म्हणाले. नाण्यावरच्या अक्षता एकेक करून खाली पडत होत्या. "ती आत होती आणि मला वाटत होतं, माझ्यामुळे झालं हे. मी शपथ मोडली म्हणून. डॉक्टर बाहेर आले की वाटायचं, आता सांगतील. तू तर त्याच्याच आधारावर बसली होतीस, ते तुझ्या हातातून मी कसं काढून घेणार होतो? आता तू म्हणशील तर घालतो मुशीत. जाऊ दे नाणं. पण मधुराचं नाव घेऊन घालणार नाही. तेवढं सांगू नकोस."

शिव्या द्यायला सुलभाबाईंकडे पुष्कळ होत्या, आणि पुढे कित्येक दिवस त्या त्यांनी पुरवून पुरवून दिल्याही. पण त्या घटकेला त्यांना तो दवाखान्यातला बाक दिसत होता. आपण मूठ कपाळाला लावून बसलेलो, आणि हा माणूस उठून जिन्यात गेलेला. तेव्हा त्यांना राग आला होता की बाप असून याला दोन मिनिटं बसवत नाही.

"म्हणून जिन्यात जाऊन उभे राहिला होतात?" त्या म्हणाल्या.

पोतनीसांनी मान डोलावली.

"आणि हे एवढं एकट्यानं धरून बसलात? माझ्या शेजारी बसून?"

अंगावरच्या शालीने पोतनीसांनी डोळे पुसले.

"आणि रोज सकाळी हात जोडत होतात, ते कुणाला?"

"आधी तुला दाखवायला," पोतनीस म्हणाले. "मधुरा घरी आल्यावर खरे."

सुलभाबाईंनी त्यांच्या तळहातावरचं नाणं उचललं, उलटं केलं. "म्हणजे हा मल्हारी नाही."

"चंद्रगुप्त."

"आणि ही?"

"देवीच आहे. ती खरी आहे."

"मग माझा नवस देवीलाच पोचला. तुमचं काय ते तुमचं तुम्ही बघा." त्यांनी नाणं रुमालात बांधलं, रुमाल पिशवीत ठेवला आणि हातातली सोन्याची बांगडी ओढायला लागल्या. ती मनगटात रुतून बसली होती. "नवी करीन बोलले होते मी. तुला मोडीन असं कुठे बोलले होते? अनिलभैया! साबण आहे का?"

साबणाच्या पाण्याने बांगडी निघाली, हात मात्र लाल झाला. त्या बांगडीचाच नवा टाक करायचं ठरलं. मुशीत ती सुलभाबाईंनी स्वतः घातली, मधुराचं नाव घेतलं, बाळाचं घेतलं. कर्त्या पुरुषाने घालायची रीत त्या दिवशी मोडली. परत येताना रिक्षात त्या दुसरीकडे तोंड करून बसल्या.

सकाळी पोतनीसांना जाग आली ती स्वयंपाकघरातल्या नळाच्या आवाजाने. शनिवार, देव घासायचा वार नव्हता, तरी ताम्हनात भांड्यांचा आवाज होत होता. ते पांघरुणातच आखडून पडले. आज ती चिंच लावणार, मुद्दाम लावणार, आणि आपण ब्र काढायचा नाही.

"अहो!" आतून हाक आली.

ते उठून दारात गेले. देवघरातले बाकीचे देव घासून ठेवले होते. ते नाणं एकटं बाजूला, पाटावर, वाळलेल्या हळदीकुंकवासकट.

"ह्याला कशानं धुवायचं असतं?"

"नुसत्या पाण्यानं."

"आणि पुसायचं?"

"पुसायचं नाही. मऊ कपड्यानं टिपायचं."

"मग इतके दिवस चिंच लावू दिलीत?" सुलभाबाईंनी कपाळावर हात मारला. मग त्या उठल्या, ओल्या हाताने त्यांनी फडताळावरचा फोन घेतला आणि पोतनीसांच्या हातात दिला. "धुवाल नंतर. आधी तिला फोन लावा. डोकं तिचं होतं, आता तुम्हीच सांगा."

पोतनीसांनी फोन लावला. एका हातात फोन आणि दुसऱ्यात, केव्हा उचललं कुणास ठाऊक, ते नाणं होतं. कडांना धरलेलं नव्हतं, मुठीत आवळलेलं होतं. पलीकडे घंटी वाजत राहिली, मग थांबली.

"बाबा? इतक्या सकाळी? सगळं ठीक आहे ना?" मधुरा म्हणाली, आणि तिच्या मागे बाळ ठणठणीत आवाजात रडत होतं.

"ठीक आहे," पोतनीस म्हणाले. "तुला एक सांगायचंय."